खोलीतून जे काढलंय ते कुठे ठेवलंय? लहान खोल्यांच्या चेन हॉटेलात आईसोबत पाच रात्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला (वय ६८) घेऊन एका मोठ्या शहरात पाच रात्री राहायचंय. मध्यवस्तीतल्या एका चेन हॉटेलात खोली मिळतेय, पण ती फक्त ११ चौरस मीटरची आहे. आईचे गुडघे दुखतात, ती इन्सुलिन घेते, आणि सोबत दोन मोठ्या बॅगा आहेत. इतक्याशा जागेत जमेल का, की शहराबाहेरची मोठी खोली घ्यावी?

माझं उत्तर: मध्यवस्तीतलीच घ्या, पण ही खोली नेमकी कशी आहे ते बघून घ्या. मी चेन हॉटेलांमध्ये १९ वर्षं काम केलंय, आधी फ्रंट डेस्कवर आणि नंतर हाउसकीपिंग सांभाळत. त्यातली बरीचशी वर्षं अशाच छोट्या खोल्यांच्या हॉटेलांत गेली. तिथे आनंदाने राहून पुन्हा पुन्हा येणारी वयस्कर जोडपी मी पाहिली आहेत, आणि पहिल्याच रात्री रडकुंडीला येऊन खाली आलेली धडधाकट तरुण मंडळीही पाहिली आहेत. दोघांच्या खोल्या अगदी सारख्या होत्या.

११ चौरस मीटर म्हणजे साधारण ११८ चौरस फूट. डोळ्यांसमोर दहा बाय बाराची खोली आणा आणि तिच्यातच संडास-बाथरूम बसवा. त्याला दोन-सव्वादोन चौरस मीटर जातात, १६० सेंटिमीटर रुंदीच्या पलंगाला तीन-साडेतीन. उरलेल्या जागेत दार उघडायची जागा, पलंगाशेजारची बोळ आणि एखादी फळी. हे आकडे जवळपास सगळ्या चेनचे सारखेच असतात. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने.

महागड्या जागेवर जास्त खोल्या बसवायच्या म्हणून अशा हॉटेलात खोलीतून एकेक वस्तू काढत नेलेली असते. आधी कपाट जातं, मग टेबल-खुर्ची, इस्त्री, किटली, फ्रीज, कधी कधी तर खिडकीसुद्धा. चांगली चेन काढलेल्या प्रत्येक वस्तूची सोय दुसरीकडे करते. कपाट गेलं तर भिंतीवर भक्कम खुंट्या आणि पलंगाखाली बॅग सरकेल एवढी मोकळी जागा मिळते. टेबल गेलं तर खाली लॉबीत ऐसपैस बसायला मिळतं. इस्त्री मजल्यावरच्या कोनाड्यात असते, कपडे धुण्याची यंत्रं तळघरात. वाईट हॉटेल मात्र नुसतंच काढतं. म्हणून बुकिंगआधी फोटो आणि लोकांचे अभिप्राय वाचताना मनात एकच प्रश्न ठेवायचा: खोलीतून जे काढलंय ते कुठे ठेवलंय? त्याचं उत्तर सापडत नसेल तर ते हॉटेल सोडून द्या, मग खोली १५ मीटरची का असेना.

ह्या खोल्या अशा का झाल्या ते थोडं सांगते, कारण त्यातूनच आईचे गुडघे आणि तुमची झोप यांचे प्रश्न सुटतात. १९०८ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात एल्सवर्थ स्टॅटलर यांनी हॉटेल उघडलं आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम दिलं. त्या काळी साध्या प्रवाशाच्या नशिबी ते नसायचं. त्यांना ते परवडलं, कारण शेजारच्या दोन खोल्यांची बाथरूमं पाठीला पाठ लावून बांधली आणि दोन्हींचे पाइप एकाच उभ्या शाफ्टमधून नेले. आजही बहुतेक हॉटेलं तशीच बांधतात. पहाटे पाचला शेजाऱ्याने शॉवर सोडला की भिंतीतून पाणी वाहिल्याचा आवाज येतो तो ह्या शाफ्टचा. पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकआधी न्यू ओतानी हॉटेल घाईने उभं करायचं होतं, तेव्हा फरशी, भिंती, टब, बेसिन असं अख्खं बाथरूमच कारखान्यात तयार करून जागेवर बसवलं, असं हजाराहून जास्त वेळा. त्याला युनिट बाथ म्हणतात, आणि जपानच्या बिझनेस हॉटेलांत तो आजही घरोघरीच्या भांड्यांइतका सर्रास आहे. फ्रान्समध्ये १९८५ साली फॉर्म्युल वन चेनने उलट वाट धरली: ९ चौरस मीटरची खोली, कोपऱ्यात बेसिन, आणि संडास-शॉवर बाहेर, मजल्यावर सामाईक. योटेल चेनने २००७ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर विमानाच्या पहिल्या वर्गासारखी केबिन काढली. सिटिझनएम चेनने २००८ साली ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर कारखान्यात बनवलेल्या खोल्या एकमेकींवर रचल्या आणि पलंग ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसवला. लंडनमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या हब बाय प्रीमियर इनच्या खोल्या ११.४ चौरस मीटरच्या, म्हणजे तुमच्या खोलीएवढ्याच. हे सगळे ‘लहान खोली’च्या एकाच नावाखाली विकले जातात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात आधी पलंग बघा. तीन बाजूंनी भिंती असलेला पलंग फोटोत फार छान दिसतो. त्यावर आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला रात्री बाथरूमला जायचं असेल तर पायथ्याकडे सरकत सरकत उतरावं लागतं. तरुण माणूस ते करतो. दुखऱ्या गुडघ्यांनी गादीवर रांगणं म्हणजे शिक्षा आहे, आणि मधुमेहामुळे रात्री एकदा-दोनदा उठावं लागत असेल तर पाच रात्रींत दोघांच्याही झोपेचं खोबरं होईल. दुसरा सापळा ‘सेमी डबल’ ह्या शब्दाचा. जपानी चेनमध्ये तो साधारण १२० सेंटिमीटर रुंदीचा पलंग असतो आणि दोन माणसांसाठी म्हणून बुक करता येतो. तो घेऊ नका. तुम्हाला दोन वेगळे पलंग असलेली ट्विन खोली हवी, आणि दोन्ही पलंगांना जमिनीवर उतरायला मोकळी बाजू हवी. बंकबेड असेल तरी तो ‘दोन बेड’ म्हणूनच लिहिलेला असतो, तेव्हा फोटो नीट पाहा.

त्यानंतर बाथरूम. युनिट बाथची अडचण अशी की तो संपूर्ण खोका जमिनीवर ठेवून खालून पाइप काढलेले असतात, त्यामुळे दारातच एक उंच पायरी लागते. आत टब असेल तर त्याची कड ओलांडून आत पाय टाकावा लागतो, तोही ओल्या पृष्ठभागावर. गुडघेदुखीवाल्या पाहुण्यांचं पडणं मी पाहिलं ते जवळजवळ नेहमी टबातून बाहेर येताना. तेव्हा हॉटेलला लिहून विचारा: शॉवर जमिनीच्या पातळीवर आहे का, दारात पायरी आहे का, पकडायला भिंतीवर दांडी आहे का, बसायला स्टूल मिळेल का. चारही प्रश्न एकाच मेलमध्ये. मिळालेलं उत्तर जपून ठेवा.

इथे ‘ॲक्सेसिबल’ खोलीचा विषय येतो. व्हीलचेअर फिरवायला साधारण १५० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं, म्हणून त्याच हॉटेलातली ही खोली इतरांपेक्षा बरीच मोठी असते. पायरी नसते, दांड्या असतात. अशा खोल्या मोजक्या असतात आणि ज्यांचं त्याशिवाय चालतच नाही अशा माणसांसाठी त्या राखल्या पाहिजेत. नुसती मोठी जागा मिळते म्हणून त्या मागणारे लोक मला कधीच आवडले नाहीत. पण तुमच्या आईला टबाची कड खरोखर ओलांडता येत नसेल तर संकोच करू नका, परिस्थिती सरळ सांगा. व्हीलचेअर नाही म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही.

खिडकीबद्दल मी जरा हट्टी आहे. बिनखिडकीची खोली एका रात्रीसाठी चालते. पहाटेचं विमान असेल तर उलट झोप चांगली लागते. पाच रात्रींसाठी वयस्कर माणसाला तिथे ठेवू नका. दुसऱ्या देशातून आल्यावर शरीराचं घड्याळ आधीच बिघडलेलं असतं, त्याला सावरायला सकाळचा उजेड लागतो. बिनखिडकीच्या खोलीत माणूस जागा होतो तेव्हा रात्रीचे तीन वाजलेत की सकाळचे नऊ, काही कळत नाही. वयस्कर पाहुण्यांना त्याने घाबरायला होतं, हे मी डेस्कवरच्या फोनमधून ऐकलं आहे. चेन हे कधी लपवत नाहीत, पण शब्द सौम्य वापरतात: ‘इनसाइड रूम’, ‘इंटर्नल’, ‘नो व्ह्यू’. ‘नो व्ह्यू’चा अर्थ कुठे खिडकी आहे पण समोर भिंत आहे असा असतो, कुठे खिडकीच नाही असा. विचारून घ्या. खिडकी असली तरी ती उघडेलच असं नाही, उंच इमारतींत बऱ्याचदा ती कायमची बंद असते. मग खोलीची हवा खेळवण्याचं काम बाथरूमचा पंखा करतो. तो घाण वास घालवायला आहे असं समजून लोक बंद करतात आणि मग गुदमरतंय म्हणून तक्रार करतात. तो चालू ठेवा आणि बाहेर पडताना बाथरूमचं दार किंचित उघडं ठेवा.

तापमानाचंही असंच आहे. पुष्कळ इमारतींत वातानुकूलनासाठी खोलीखोलीत पाण्याच्या पाइपांची एकच जोडी असते. तिच्यातून एका वेळी एकतर गार पाणी जाईल नाहीतर गरम. म्हणजे अख्ख्या इमारतीला एक ऋतू. ऋतू बदलत असताना तुम्ही गेलात तर भिंतीवरच्या पॅनेलवर १९ अंश दाबूनही गार हवा येणार नाही, कारण मुख्य यंत्र अजून हीटिंगवर आहे. तो बिघाड नसतो, त्यामुळे दहा वेळा फोन करून उपयोग नाही. टेबलफॅन किंवा जास्तीचं पांघरूण मागा. तेवढं बहुतेक ठिकाणी ठेवलेलं असतं.

बॅगा. तुमची खरी अडचण खोलीपेक्षा ह्या दोन मोठ्या बॅगा आहेत. ७५ सेंटिमीटरची, मधोमध पुस्तकासारखी उघडणारी सूटकेस जमिनीवर पसरली की जवळपास एक मीटर बाय पाऊण मीटर जागा खाते. पलंगाशेजारची बोळ ६०-७० सेंटिमीटरची असते. म्हणजे ती बॅग खोलीत उघडणारच नाही. लोक मग ती पलंगावर उघडतात, रात्री उचलून दारात उभी करतात, आणि रात्री बाथरूमला जाणारा माणूस तिला अडखळतो. घरी आधी बॅग उघडून टेप घेऊन मोजा. वरून उघडणाऱ्या दोन मध्यम बॅगा एका मोठीपेक्षा कधीही बऱ्या.

आणि हे आमच्याकडे फार कमी पाहुणे विचारतात: सामानाची खोली फक्त चेक-इनच्या आधी आणि चेक-आउटच्या नंतरच वापरता येते असं नाही. नीट विनंती केली तर बहुतेक हॉटेलं पाचही दिवस एक मोठी बॅग खाली ठेवून घेतात. दोन दिवसांचे कपडे एका छोट्या पिशवीत वर न्या, तिसऱ्या दिवशी खाली येऊन बदला. पावती घ्या, आणि पासपोर्ट, पैसे, औषधं त्या बॅगेत कधीच ठेवू नका. हे केलंत तर तुमची ११ मीटरची खोली १३ मीटरची झाल्यासारखी वाटेल.

इन्सुलिनचं आधीच ठरवून ठेवा. खोलीत फ्रीज नसेल, किंवा असला तरी तो तुम्ही दाराजवळच्या खाचेतून की-कार्ड काढताच बंद पडत असेल. वीज वाचवायला ती खाच खोलीतली बहुतेक वीज तोडते. काही हॉटेलांत फ्रीजचा सॉकेट त्यातून वगळलेला असतो, काहींत नाही. पोचल्यावर कार्ड काढून अर्धा मिनिट थांबा आणि फ्रीजचा दिवा बघा, लगेच कळेल. शिवाय हे छोटे फ्रीज नीट तापमान धरत नाहीत. कुठे पुरेसं गार होत नाही, कुठे मागच्या भिंतीला टेकलेली वस्तू गोठते, आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. न उघडलेल्या पेनांना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं, तेव्हा ती डेस्कवर नाव लिहिलेल्या डब्यात घालून स्टाफच्या फ्रीजमध्ये ठेवायला द्या आणि ‘फ्रीझरमध्ये नको’ हे तोंडी सांगा, डब्यावरही लिहा. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे साध्या तापमानाला चालतं, फार उकडत नसेल तर. नेमकी मुदत आणि मर्यादा तुमच्या पाकिटातल्या पत्रकात असते, तेवढी एकदा वाचून घ्या. वापरलेल्या सुया खोलीतल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी आमच्या सफाई करणाऱ्या बायका हाताने दाबून बांधतात. डेस्कवर सुयांचा डबा मागा, नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून, झाकण घट्ट लावून सोबत न्या.

आता जागा. शहराबाहेरची मोठी खोली की मधली लहान, ह्यावर माझं मत ठाम आहे. वयस्कर माणसासोबत फिरताना दुपारी दोन तास पाठ टेकायला मिळणं हे सगळ्यात मोठं सुख. हॉटेल पंधरा मिनिटांवर असेल तर ते रोज मिळतं. पाऊण तासावर असेल तर एकदा सकाळी बाहेर पडलात की रात्रीच परत, आणि तिसऱ्या दिवशी आई म्हणणार, तू जा, मी इथेच बसते. फक्त ‘स्टेशनपासून चार मिनिटं’ ह्या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मोठ्या शहरातलं स्टेशन जमिनीखाली अर्धा किलोमीटर पसरलेलं असू शकतं, आणि ती चार मिनिटं सगळ्यात जवळच्या दारापासून मोजलेली असतात, जिथे कदाचित फक्त जिना आहे. नकाशावर लिफ्ट असलेलं दार कुठलं ते शोधा आणि तिथून हॉटेलपर्यंतचं अंतर मोजा.

परवडत असेल तर आणखी एक पर्याय विचारात घ्या: एका ट्विनऐवजी शेजारशेजारच्या दोन सिंगल खोल्या. अशा हॉटेलांत सिंगल खोलीच सगळ्यात विचारपूर्वक बांधलेली असते, कारण मूळ गिऱ्हाईक एकटा कामानिमित्त येणारा माणूस. आईला स्वतःचं बाथरूम मिळतं, तुमच्या मोबाइलच्या उजेडाने तिची झोप मोडत नाही, आणि पाच दिवस चोवीस तास एकमेकांच्या अंगावर न राहिल्याने बोलणंही गोड राहतं. रात्री तिला एकटं वाटेल किंवा साखर उतरण्याची भीती असेल तर मात्र एकाच खोलीत राहा. तो निर्णय तुमचा आणि आईचा.

खोली कोणती मिळते हे नशिबावर सोडू नका. बुकिंगच्या वेळी लिहिलेली विनंती आमच्या पडद्यावर दिसते, पण खोल्यांची प्रत्यक्ष वाटणी साधारण आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी सकाळी होते. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी हॉटेलला थेट फोन करा. मागण्यांची यादी वाचू नका, दोन गोष्टी कारणासकट सांगा: ‘आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे टब नको, आणि लिफ्टपासून फार लांब नको.’ कारण ऐकलं की समोरचा माणूस ते लक्षात ठेवतो. लिफ्टपासून दोन-तीन दारं सोडून खोली उत्तम. लिफ्टला चिकटून घेतलीत तर रात्रभर घंटी वाजेल. मजल्यावरच्या चादरी-टॉवेलांच्या खोलीशेजारी सकाळी आठपासून ट्रॉल्यांचा खडखडाट असतो. दोन खोल्यांच्या मध्ये जोडदार असेल तर शेजारच्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू येतं, तेव्हा ‘कनेक्टिंग’ खोली नको असं सांगा. आतल्या चौकाकडची खोली शांत असेल असं सगळ्यांना वाटतं, पण तिथेच स्वयंपाकघराचे धुराडे आणि एसीची बाहेरची यंत्रं असतात. वरचा मजला आणि रस्त्याची बाजू पुष्कळदा जास्त शांत निघते. कारखान्यात बनवून रचलेल्या खोल्यांत प्रत्येकीची भिंत स्वतंत्र असल्याने शेजारचा आवाज कमी येतो, हा त्यांचा मोठा गुण.

त्याच फोनवर पोचण्याची वेळ सांगा. हॉटेलं कधी कधी खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात, कारण रोज काहीजण येतच नाहीत. एखाद्या रात्री सगळेच आले तर कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं, आणि तो बहुधा उशिरा येणारा, काहीच न कळवलेला पाहुणा असतो. ‘विमान उशिराचं आहे, साडेअकराला पोचू, आई सोबत आहे’ एवढं वाक्य तुमची खोली राखतं. दुसऱ्या वेबसाइटवरून बुकिंग केलं असेल तरी हा फोन हॉटेललाच करायचा. मात्र तारखा बदलणं किंवा पैसे परत मिळणं ह्या गोष्टी त्या वेबसाइटच्याच हातात राहतात, डेस्कवरच्या मुलीवर चिडून काही होत नाही. डेबिट कार्ड द्याल तर अनामत म्हणून अडवलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात, म्हणून क्रेडिट कार्ड द्यावं.

ह्या हॉटेलांत माणसं मोजकी असतात, रात्री डेस्कवर एक किंवा दोन. जास्तीची उशी, स्टूल, फॅन हे संध्याकाळी आठच्या आत मागा. खोलीची सफाईही रोज होईलच असं नाही. टॉवेल दारावर पिशवीत लटकवलेले मिळतात किंवा खाली जाऊन बदलून आणावे लागतात. दुपारी आईला झोपायचं असेल तर सफाईची वेळ आधी विचारा आणि त्या वेळी बाहेर राहा.

लहान खोलीची दोन खास दुखणी आहेत, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. बाथरूमचं दार उघडं ठेवून कढत पाण्याने आंघोळ केली की वाफ थेट छतावरच्या धुराच्या सेन्सरपर्यंत जाते, कारण अंतर जेमतेम दोन मीटर असतं. मी काम करत होते त्या एका हॉटेलात ह्यामुळे रात्री दीड वाजता अख्खी इमारत रस्त्यावर आली होती, थंडीत, लहान मुलांसकट. दार बंद ठेवा आणि आंघोळीनंतरही पाच मिनिटं बंदच राहू द्या. दुसरं, खोलीत शिरताच गटारासारखा वास आला तर घाबरू नका. जमिनीतल्या जाळीखालच्या वाकड्या पाइपात पाणी साठून राहतं आणि तेच वास अडवतं. खोली काही दिवस रिकामी असली की ते पाणी सुकतं. जाळीत दोन ग्लास पाणी ओता, पंखा चालू ठेवा, अर्ध्या तासात वास जातो. न गेल्यास मग खोली बदलून मागा.

खऱ्या आगीसाठी एक मिनिट द्या. १९८० साली लास वेगसच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली तेव्हा ८५ माणसं गेली, आणि त्यातले बहुतेक जण आगीने नव्हे, वरच्या मजल्यांवर पोचलेल्या धुराने गेले. धुरात दिसत नाही. म्हणून सामान ठेवल्यावर आईला घेऊन जिन्याच्या दारापर्यंत चालत जा आणि मधली दारं मोजा. तिला जिना उतरायला वेळ लागतो हे डेस्कवर नोंदवून ठेवा. अशा पाहुण्यांची यादी बऱ्याच ठिकाणी ठेवतात आणि अग्निशमन दलाला ती पहिली दिली जाते.

राहण्याची रीतही थोडी बदलावी लागते. एकाने आंघोळीला जायचं तेव्हा दुसऱ्याने कपडे काढायचे-घालायचे, एका वेळी एकच बॅग उघडायची, आणि पलंगावर काही न ठेवता झोपायचं. दिवे बहुतेक उशाशी एकाच पॅनेलवर असतात. पहिल्याच संध्याकाळी आईला कुठलं बटण रात्रीच्या मंद दिव्याचं ते दाखवा, तिच्याकडून दोनदा दाबून घ्या. पडदा, एसी आणि दिवे सगळं टॅब्लेटवर चालणारी खोली असेल तर तो टॅब्लेट तुम्ही सांभाळा आणि आईला एक साधा छोटा टॉर्च द्या.

आई दिवसभर खोलीतच पडून राहणार असेल, किंवा बंद जागेची तिला भीती असेल, तर वरचं सगळं विसरा आणि मोठी खोली घ्या. छोटी खोली बाहेर फिरणाऱ्या माणसासाठीच बांधलेली असते.

शेवटचं, पोचल्यावरचं. दार उघडा, पण बॅगा बाहेरच राहू द्या. आई लॉबीत बसलेली बरी. गादीचे शिवणीचे कोपरे आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी मोबाइलच्या उजेडात बघा. काळपट ठिपके दिसले तर ढेकूण असण्याची शक्यता आहे. शॉवरजवळची पायरी, खिडकी, एसीचा आवाज, सगळं मिळून तीन मिनिटांचं काम. काही पटलं नाही तर पलंगावर न बसता, नळ न सोडता, टॉवेल न उलगडता खाली या. तशीच्या तशी असलेली खोली आम्ही पुढच्या पाहुण्याला लगेच देऊ शकतो, म्हणून बदलून द्यायला कुणी का-कू करत नाही. तासाभराने आलात तर ती खोली पुन्हा साफ करायला माणूस लागतो, आणि रात्री तो माणूस इमारतीत नसतो.